हातात राहिलेली काढणी

१४ सप्टेंबर, रविवार
पुन्हा हरले. हातात काढणीचे तीन पत्ते तसेच. गिरूनं ते उलटे करून बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, हे कशाला ठेवलेस गं? लोणचं घालणार होतीस?"
म्हटलं, मोठं जनावर आलं तर लागतील.
"मोठं येईपर्यंत बारक्यांनीच तुला खाल्लं की."
खरं आहे. तिची तीन बारकी जनावरं दर बारीला टोचत होती आणि मी आपली तिच्या मोठ्या जनावराची, शिंगाड्याची, वाट बघत बसले. शिंगाड्या तिच्या गठ्ठ्याच्या तळाशीच राहिला. चांगलं तेल सणाला म्हणून ठेवते आणि सण येईपर्यंत त्याला वास लागतो, तसली गत.
लिहून ठेवते म्हणजे डोक्यात राहील. मधी पाट. दोन्ही बाजूला जनावरांचे पत्ते मांडायचे. ती समोरच्यावर धावतात. प्रत्येकीला वीस जीव, संपले की हरली. समोरचीचं जनावर पाटावरून उठवणारा जो पत्ता, त्याला गिरू रिमूव्हल म्हणते. मी काढणी म्हणते. शिवारात सोयाबीनची तीच चालू आहे, तोंडात तेच येतं.

१७ सप्टेंबर, बुधवार
दुपारी भांडी झाल्यावर एक डाव. गिरू पुण्याची नोकरी सोडून परीक्षेच्या अभ्यासाला घरी आली, ती हे पत्ते घेऊन. उमरग्यात दुसरं कुणी खेळणारं सापडेना म्हणून मला शिकवलं. आता मीच म्हणते, आटप, मांड.
आज मी गठ्ठ्यात फक्त बांधायचे पत्ते घेतले. गळ्यात लिंग, घरात अंडं शिवत नाही, आणि दिवसभर मार मार काय करायचं? बांधलेलं जनावर पाटावर राहतं पण धावत नाही. कुणाचा जीव जात नाही. मला बरं वाटलं.
गिरूनं दलदलीची म्हातारी टाकली. (नावं माझीच. इंग्रजी नावं वाचायला मला वेळ लागतो.) मी बांधली. तर म्हातारी बसल्या जागेवरून दर बारीला माझा एक जीव खायला लागली.
"हे कसं काय?"
"तू तिचे पाय बांधलेस. तोंड कुठं बांधलंस?"
पत्त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बसून जी खोडी करते, तिला बांधून उपयोग नाही. हरले.
संध्याकाळी लिंगपूजेला बसले तेव्हा मनाशी ठरवलं. कागद आहे. कागदाला जीव नाही. उद्यापासून सगळ्या प्रकारची काढणी घेणार.

२२ सप्टेंबर, सोम. घट बसले.
आज पहिल्यांदा जिंकले!
गिरूनं बारक्या लांडग्यावर ताकदीचा पत्ता लावला. तो लागू व्हायच्या आत मी चटक्याचा पत्ता टाकला. चटका नुसता तीन घावांचा, मोठ्याला काही होत नाही. पण लांडगा अजून बारकाच होता ना. लांडगा गेला आणि त्याच्यावर लावायचा पत्ताही फुकट गेला. माझा एक खर्च, तिचे दोन गेले. हा हिशोब मला कुणी शिकवायला नको. माझ्या एकात तिचा एक जातो ती बरोबरी. दोन गेले तर मी पुढं. आणि जनावर पाटावर येता येताच आपलं काम करून बसलं असेल, तर त्याला नंतर काढून काय मिळवलं? काम झालेलंच आहे. ते सोडून द्यायचं, मोठं नसेल तर.
गिरू म्हणाली, "आई, परत खेळ, हे चिटिंग आहे." चिटिंग काही नव्हतं. तिला हरायची सवय नाही एवढंच.
एक गोष्ट लिहिते. माझी बारी आली की समोरची गप्प बसते. मी काय करते याची वाट बघते. लग्न झाल्यापासून असं कुणी बसलं नव्हतं माझ्यासमोर. वाट बघतात, पण ताटाची.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी
सका. हत्यारांची पूजा. विळा, विळी, कात्री, शिलाई मशीन, यांच्या टायरच्या दुकानातले पाने नि जॅक, माझी हिशोबाची वही. गठ्ठाही मांडला. रोज हातात असतं ते मांडायचं असतं. वरच्या पत्त्यावर तीन बोटं विभूती ओढली, झेंडूचं फूल ठेवलं.
थोरले भाऊजी आणि अक्का (माझ्या थोरल्या जाऊबाई) प्रसादाला आले. भाऊजी मठाच्या कमिटीत आहेत, पूजा बघतात ती तपासल्यासारखी.
"हे काय?"
"पत्ते."
"पत्ते? लिंगवंताच्या घरात? वरून विभूती?"
गिरू मधी पडली. "मोठे काका, हे जुगाराचे न्हाईत. पैसे लावत न्हाईत यात."
अक्का पदर तोंडाला लावून, "विळा कळला, कात्री कळली. ह्या हत्यारानं काय कापतेस गं?"
मी म्हटलं, "वेळ."
अक्का हसल्या. भाऊजी नाही. खोबरं-साखर वाटीत तशीच ठेवून गेले.

४ ऑक्टो. शनि.
निरोप आला, यांच्या तोंडून. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मठात दासोह असतो, गावजेवण. त्या दिवशीच्या हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, कढई गिरू पाळण्यात होती तेव्हापासून माझ्याकडं आहे. भाऊजींचं म्हणणं, पत्ते खेळणाऱ्या बाईच्या हातची हुग्गी देवाला चालायची नाही. कमिटीपुढं इष्टलिंग तळहातावर घेऊन शपथ घ्यायची, पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही. नाहीतर बाहेरून आचारी.
हे म्हणाले, "घेऊन टाक की. काय जातंय तुझं?"
"लिंग हातावर घेऊन खोटं बोलू?"
"खोटं कुठाय त्यात?"
"शपथ घेतली म्हणजे आजपर्यंत पाप केलं असं कबूल केलं. ते खोटं."
म्हणाले, "मला मधी घालू नका बाबा." मधीच आहेत, जाणार कुठं.
कढईही सोडणार नाही, पत्तेही सोडणार नाही. हे शाईनं लिहिते.

९ ऑक्टो. गुरु.
पिठाच्या गिरणीत दोघी बोलत होत्या, "ही बघ पत्तेवाली." मी दळण घेतलं आणि आले. त्यांना उत्तर देऊन काय मिळणार? ती बारकी जनावरं. पण गप्प बसायची सवय लागली तर तीन पत्ते हातात धरून हरल्यासारखं होईल. कधी बोलायचं हेच कळत नाही अजून.

१५ ऑक्टो. बुध.
दिवाळीचं काम, फराळ. तरी डाव झालाच, पाटावर अनारशाचं पीठ सांडलं. आज शिकलेलं: माघारी धाडायचा पत्ता. जनावर मरत नाही, मालकाच्या हातात परत जातं, त्याला पुन्हा सगळा खर्च करून मांडावं लागतं. स्वस्त जनावरावर हा पत्ता वाया, लगेच परत येतं. शिंगाड्यावर सोनं. आणि हद्दपारीचा: गेलेलं मेलेल्यांच्या ढिगातही राहत नाही. गिरूकडं ढिगातून उठवून आणणारे पत्ते आहेत, त्यांच्यापुढं हाच चालतो.

२१ ऑक्टो. मंगळ. लक्ष्मीपूजन
पूजा छान झाली. मग दरसालप्रमाणं पुरुष मंडळी दुकानाच्या माडीवर. तीन पत्ती. भाऊजी, हे, कमिटीतले निम्मे. शकुन म्हणून खेळतात म्हणे. पैसे लावून. चिवड्याचं ताट मीच भरून पाठवलं.
गिरू पेटली. "आई, आत्ता वर जा आणि सगळ्यांसमोर बोल! यापेक्षा मोठी काढणी कोणती?"
म्हटलं, ही काढणी नव्हे, झाडलोट आहे. खेळात तसा पत्ता आहे, पाटावरची सगळी जनावरं एका दमात जातात, दोन्हीकडची. समोर पाच आणि आपलं एक असेल तेव्हा टाकतात. माझं एकच आहे माझ्या बाजूला, आणि ते या वेळेला माडीवर मांडी घालून बसलंय. मी बोलले तर यांचंच तोंड आधी खाली जाईल. मठात, दुकानात, सगळीकडं.
गिरू म्हणाली, "मग काय, तशीच धरून बसणार?"
मी अनारसे तळले. दोन फुटले.

२ नोव्हेंबर, रवि. सोलापूर
या पत्त्यांच्या स्पर्धेला गेले. सांगूनच गेले, यांना आणि अक्कांनाही. एसटीत गिरू झोपली, मी पत्ते आठवत बसले.
पत्ते विकणाऱ्या दुकानामागं हॉल, टेबलं, पोरंच पोरं. माझ्या वयाची मी एकटी. डोक्यावर पदर घेऊन बसले तर नोंदणीवाली विचारते, "काकू, तुम्ही कुणाबरोबर आलात?" म्हटलं, "मी खेळायला आलेय. ही माझ्याबरोबर आलीय."
पहिला डाव एका बँकेतल्या दाढीवाल्याशी. तिसऱ्या बारीला त्यानं हात वर केला, पंच मुलीला बोलावलं. "यांच्या एका पत्त्याच्या पाठीवर खूण आहे. वर आला की यांना कळतंय कोणता आहे."
खंडेनवमीची विभूती. गिरूनं दोनदा सांगितलं होतं पत्त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर बदल म्हणून. देवापुढचं, मला पुसवेना. आणि तो पत्ता नेमका थेट काढणीचा.
सगळे बघायला लागले. कान तापले माझे. उठून जावं असं वाटलं, गेले नाही. पंच मुलीला म्हटलं, "बाई, फसवायचं असतं तर विभूतीनं फसवलं असतं का?" तिला हसू आलं. ताकीद दिली, लिहून घेतली, कव्हर बदलायला सांगितलं. मी बोटानं ती विभूती काढली आणि कपाळाला लावली. मग नवं कव्हर चढवलं. दाढीवाला बघतच राहिला.
त्याच्याशी हरले. खूण नसती तरी हरलेच असते. दोन काढण्या हातात राहिल्या. शेवटी म्हणाला, "काकू, तुम्ही पत्ते हातात धरून मेलात." तेच ते.
दुसरा डाव एका कॉलेजातल्या मुलीशी. ठरवूनच बसले की आज धरायचं नाही. जे माझ्या जिवावर येतं ते तिथंच काढायचं, पुढचं पुढं. जिंकले. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही श्वासच घेऊ देत नाही."
तिसऱ्यात एक नवीन शिकले, माझ्यावरच झालं म्हणून चांगलं लक्षात राहील. माझ्याकडं एकच जनावर होतं, पण असं की त्याला कुणाचा पत्ता लागूच होत नाही. निवांत होते. समोरच्यानं पत्ता टाकला, त्यात लिहिलेलं: समोरच्यानं आपलं एक जनावर स्वतःच्या हातानं द्यावं. कोणतं ते त्याचं त्यानं ठरवावं. म्हणजे तो माझ्या जनावराला बोटही लावत नाही. मीच उचलायचं. दहा असती तर मी बारकं दिलं असतं. एकच होतं, तेच दिलं. हरले.
तीनात एक. येताना गिरूनं शेंगाचटणी घेतली. मी पुढचा रस्ताभर त्या पत्त्याचा विचार करत होते.

३ नोव्हें. सोम. कार्तिक सोमवार
मठात दर्शनाला गेले. भाऊजींनी तोंड फिरवलं. आचारी ठरला, बाहेरगावचा. पायऱ्यांवर अक्का शेजारी येऊन बसल्या, वातीचा कापूस वळत हळूच, "जिंकलीस का न्हाय?"
"एक जिंकले, दोन हरले."
"मग कशाला एवढा बाजार उठवलास! मला वाटलं ढाल घेऊन आलीस." मग वात बाजूला ठेवून, "तो आचारी हुग्गीत डालडा घालतो म्हणं."
मी पण कापूस वळायला घेतला.

९ नोव्हें. रवि.
अप्पाजींकडं गेले, मठाचे स्वामी. गठ्ठा समोर ठेवला. म्हटलं, तुम्हीच बघा.
त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला. शिंगाड्यापाशी थांबले. "हा नंदी काय?"
"न्हाय अप्पाजी, राक्षस."
"चांगला काढलाय. कुणाच्या बाजूचा हा?"
"ज्याच्या हातात त्याच्या."
हसले. पैसे लावतात का विचारलं, मी नाही म्हटलं. मला वाटलं आता म्हणतील, जा अव्वा, कढई तुझीच. म्हणाले, "स्वैपाकाचं कमिटी बघते, अव्वा." प्रसादाचं केळं हातावर ठेवलं.
राग आला. देवाच्या माणसाचा राग आला म्हणून वाईट वाटलं. तरी आलाच. केळं गिरूला दिलं.

१५ नोव्हें. शनि.
कमिटीची बैठक मठाच्या ओसरीवर. बाया खांबामागं, पुरुष सतरंजीवर. सगळं लगेच लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात मीठमसाला घालीन.
भाऊजींनी आचाऱ्याचं वाचून दाखवलं. कुणाचं काही म्हणणं? मी खांबामागून पुढं आले.
"मी शपथ घ्यायला तयार आहे."
गिरूनं मागून पदर ओढला. भाऊजी खूश. "शहाणी झालीस. ये पुढं."
"एक आहे. घरात, कमिटीत, ज्याच्या ज्याच्या हाताला पत्ता लागतो त्या सगळ्यांनी माझ्याबरोबर घ्यायची. एका रांगेत. मी पहिली उभी राहते. ज्याच्या हाताला लागत न्हाय त्यानं बसून राहावं. मी कुणाचं नाव घेत न्हाय. ज्याचं त्यानं ठरवावं."
सतरंजीवरचे एकेक जण सतरंजीच बघायला लागले. खोकला फार झाला.
भाऊजी म्हणाले, "दिवाळीचं वेगळं असतं."
दिवाळीचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं. अक्का खांबामागं मोठ्यानं हसल्या. मठात! भाऊजींनी तिकडं बघितलं तरी थांबल्या नाहीत.
आणि मग हे उठले. माझे हे. टोपी सारखी केली, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी हाय दुसरा." मी सांगितलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं.
भाऊजी बसूनही राहिले नाहीत, रांगेतही आले नाहीत. कागदाची घडी घातली. "बघू. सोमवारी बोलतो." निघून गेले.
वाटेत गिरू म्हणाली, "आई, तो सोलापूरचा पत्ता टाकलास तू." म्हटलं, चल गप. मग ती म्हणाली, "पण मोठे काका उभे राहिले असते तर?"
तर माझे पत्ते गेले असते. लिंगावर हात ठेवून बोलले असते तर ते पाळलंच असतं. अजूनही जाऊ शकतात. ते धरूनच बोलले मी. स्वतःचं काही न लावता दुसऱ्याला लावायला सांगायचं, ते जमत नाही मला.
जेवताना यांना दोनदा कढी वाढली.

१६ नोव्हें. रवि.
निरोप नाही. कांडलेला गहू भिजत घातला. कुणी सांगितलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. अक्का दारातून पातेलं बघून वेलदोडे ठेवून गेल्या.

१७ नोव्हें. सोम. दासोह
उजाडायच्या आधी गहू घेऊन मठात. आचारी आला होता, त्यानं भाताची नि आमटीची चूल पेटवून घेतली होती. दुसरी चूल मोकळी. मी सारवली, विभूती लावली, पेटवली. तो म्हणाला, "बाई, हुग्गी पण मलाच सांगितलीय."
"सांगितली आसंल. चुली दोन आहेत, डालडा एकीत घाल."
त्यानं खांदे उडवले. भला माणूस असावा, नंतर लाकडं सारून दिली.
गहू शिजत आला, गूळ घालायची वेळ. भाऊजी स्वैपाकघराच्या दारात. उंबऱ्याबाहेर उभे, आत पाऊल नाही. बाया ढवळायच्या थांबल्या.
"महादेवी."
"बोला."
बराच वेळ कढईकडं बघत होते. "ते पत्ते कुठायत?"
"घरी. फडताळात."
"संध्याकाळी पंगती उठल्या की घेऊन ये. सगळे." आणि वळून गेले.
कशाला, ते सांगितलं नाही. रांगेत उभं राहून शपथ घ्यायला, का चुलीत घालायला, का अप्पाजींसारखं चष्मा लावून बघायला, मला कळलं नाही. अक्का म्हणतात, त्यांना पण काही बोलले नाहीत, सकाळी चहासुद्धा अर्धा ठेवला. मी विचारलं नाही. गूळ घातला.
पंगतीत हुग्गी दोनदा मागितली लोकांनी. भाऊजींच्या द्रोणात मीच वाढली. खाल्ली का नाही ते बघितलं नाही, पुढच्याला वाढायचं होतं.
आता दिवेलागण. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं, लिंगपूजा केली, लुगडं बदललं. गठ्ठा पिशवीत आहे. हे गाडी पुसतायत. गिरू म्हणते, मी पण येणार, मी शिकवलं तुला, मला पण उभं करा. म्हटलं, ये.
माफी मागायला जात नाही, एवढं इथं लिहून निघते.